गोरखचिंचेची ओळख



आज आपण एका झाडाचा धडा वाचणार आहोत. हे झाड मूळचे आफ्रिकेतले. जुन्या झाडाचे खोड इतके जाड असते की दहा माणसांनी हात धरून वेढा घातला, तरी तो कधी कधी पुरत नाही. वर्षातले सहा-सात महिने त्याच्यावर पान नसते. फूल संध्याकाळी उमलते. आणि फळ फोडले तर आत रस नाही, पीठ निघते!

इंग्रजीत या झाडाला बाओबाब म्हणतात. आपल्या मराठीतही त्याला नाव आहे. ते म्हणजे गोरखचिंच. मराठीत नाव आहे, म्हणजे झाड आपल्याकडेही आहे. पण थोडे आहे. पुष्कळांनी ते पाहिलेले नाही. काहींनी पाहिले, पण ओळखले नाही.

न ओळखणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणून आधी आमचीच चूक सांगतो, मग झाडाची माहिती सांगतो.

१. शाळेच्या अंगणातले झाड

आम्ही एका खेडेगावात मुख्याध्यापक होतो. शाळेच्या अंगणात एक जाडजूड झाड होते. खोड खाली फुगलेले, वर निमुळते. साल राखेच्या रंगाची, हत्तीच्या कातड्यासारखी. पावसाळ्यात त्याला पाने यायची. दिवाळीनंतर ती गळायची. मग पुढच्या पावसापर्यंत झाड उघडेबोडके उभे असायचे. त्याला फळ आलेले कोणी पाहिले नव्हते. गावातले लोक त्याला ‘वांझोटे झाड’ म्हणत.

१९९८ साली शाळेला नवी खोली बांधायचे ठरले. जागा कमी होती. झाड आड येत होते. सभेत सगळे म्हणाले, “फळ नाही, सावली नाही, लाकूड कामाचे नाही. काढून टाका.” आम्हालाही ते पटले. रीतसर अर्ज केला. परवानगी मिळाली. कागद सगळे बरोबर होते.

झाड तोडायच्या आदल्या दिवशी एक म्हातारा धनगर शाळेत आला. दरसाल तो मेंढरे घेऊन गावावरून जायचा. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, ती गोरखचिंच हाय. तोडू नगा. लई जुनं झाड हाय.”

आम्ही विचारले, “बाबा, याला फळ का येत नाही?”

तो म्हणाला, “एकलं हाय ना ते. एकल्याला कसं फळ यील?”

आम्ही हसलो. मनात म्हटले, ‘हा अंगठेबहाद्दर आम्हाला झाडाचे ज्ञान शिकवतो!’ तोंडाने तसे बोललो नाही, पण आमच्या चेहऱ्यावर त्याने ते वाचले असावे. त्याला अक्षरे येत नव्हती. चेहरे वाचता येत होते. तो काही न बोलता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी करवत लागली. तेव्हा नवल झाले. खोडातून पाणी झिरपू लागले. करवतीच्या दातांत ओले धागे अडकत. दोघे करवते दोन दिवस दमले. लाकूड चुलीत घातले, तर नुसता धूर. शेवटी ते गावाबाहेर नेऊन टाकले. एक पावसाळा गेला आणि तो ओंडका भिजलेल्या घोंगडीसारखा मऊ होऊन बसला.

खोली बांधून झाली. मुलांची सोय झाली, हे खरेच. आम्ही झाड विसरून गेलो.

२. कांद्याच्या राशी आणि मोठे झाड

पुढे आमचा मुलगा नोकरीनिमित्त आफ्रिका खंडात गेला. टांझानिया नावाच्या देशात दार-ए-सलाम हे समुद्रकाठचे मोठे शहर आहे. तिथे तो राहतो. आम्ही निवृत्त झाल्यावर २०१९ साली जुलै महिन्यात त्याने आम्हा दोघांना तिकडे बोलावले. आम्ही म्हणजे आम्ही आणि मुलाची आई.

एके दिवशी पहाटे त्याने मोटार काढली. इरिंगा नावाचे गाव दार-ए-सलामपासून सुमारे ५०० किलोमीटर आहे. तिकडे जायचे होते. वाटेत मिकुमीचे जंगल लागते. हमरस्ता त्या जंगलातूनच जातो. आम्ही रस्त्यावरून जिराफ पाहिले, हत्ती पाहिले. मुलाची आई हात जोडून म्हणाली, “गणपतीबाप्पा मोरया!”

पुढे डोंगर जवळ आले. ग्रेट रुआहा नावाची नदी वाटेला लागली. आणि तिथे आम्ही थक्क झालो. दोन्ही बाजूंच्या उतारांवर तीच झाडे! फुगलेली खोडे, राखी साल, उघड्या फांद्या. एक नाही, दहा नाही, शेकड्यांनी. जणू कोणी झाडे उपटून उलटी रोवली आणि मुळ्या आभाळाकडे केल्या. आफ्रिकेतले लोक तशी गोष्टही सांगतात. ते म्हणतात, देव या झाडावर रागावला आणि त्याने ते उलटे लावले.

आम्ही मुलाला म्हणालो, “गाडी थांबव.”

तो म्हणाला, “बाबा, पुढे गाव आहे, तिथेच थांबू.”

त्या गावाचे नाव रुआहा म्बुयुनी. तिकडे स्वाहिली भाषा बोलतात. त्या भाषेत या झाडाला म्बुयु म्हणतात. म्बुयुनी म्हणजे ‘म्बुयु झाडापाशी’. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, चिंचवड अशी नावे असतात ना? तसेच ते. माणूस कुठलाही असो, गावाला झाडाचे नाव देतोच.

रस्त्याच्या कडेला लाल कांद्याच्या राशी होत्या. तिथला कांदा प्रसिद्ध आहे. क्षणभर वाटले, आपण नाशिकच्या बाजूलाच आहोत!

३. फळाची चव

गावाबाहेर एक मोठे झाड होते. खाली एक म्हातारी बाई फळे मांडून बसली होती. मुलाने वाकून म्हटले, “शिकामू.” ती म्हणाली, “माराहाबा.” तिकडे लहानाने मोठ्याला असा नमस्कार करायचा आणि मोठ्याने असे उत्तर द्यायचे, ही रीत आहे. आम्हालाही ती रीत आवडली.

आधी आम्ही झाडाला हात लावला. साल गार आणि गुळगुळीत लागली. मग कवेने मोजायला लागलो. आम्ही, मुलगा, मुलाची आई आणि तिथली दोन पोरे, अशा सहा जणांनी हात पसरले. वेढा पुरा झाला नाही. तिसरे पोर धावत आले. तरी पुरा झाला नाही. पोरे खदखदा हसू लागली.

वर बोडक्या फांद्यांना लांब देठांवर फळे लोंबत होती. नारळाएवढी, पण लांबट. वरून मखमली लव. त्या आजीने एक फळ दगडावर आपटले. कवटी फुटली. आत पांढऱ्या वड्या होत्या, तांबूस धाग्यांनी बांधलेल्या. आम्ही जन्मभर खडू हातात धरला. आम्हाला तो खडूच वाटला! बोटाला पीठ लागले.

आजीने खूण केली : तोंडात टाका.

एक वडी तोंडात टाकली. आधी ती कोरडी लागली, मग विरघळली आणि आंबट-गोड झाली. मुलाची आई म्हणाली, “अगंबाई! कवठ आणि चिंच एकत्र केल्यासारखं लागतंय.” याहून नेमके आम्हालाही सांगता येणार नाही. शेवटी तोंडात काळपट, टणक बी उरली. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा.

हे फळ झाडावरच वाळते. त्यामुळे सुकवावे लागत नाही, लवकर नासतही नाही. त्या पिठाला तिकडे उबुयु म्हणतात. ते पाण्यात कालवून, गाळून, साखर घालून सरबत करतात. पेजेत घालतात. बिया साखरेच्या लाल पाकात घोळवून मुलांना खाऊ म्हणून विकतात. टांझानियात एयासी तलावाजवळ हाडझा नावाचे लोक राहतात. ते शिकार करून आणि रानमेवा गोळा करून जगत आले आहेत. त्यांच्या जेवणात या फळाला मोठे स्थान आहे.

या फळात क जीवनसत्त्व भरपूर असते. क जीवनसत्त्व कमी पडले तर हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, जखम लवकर भरत नाही. आवळा, पेरू, लिंबू यांतही ते असते. संत्र्याशी तुलना केली, तर तेवढ्याच वजनाच्या या पिठात ते कितीतरी जास्त भरते. २००८ साली युरोपातल्या देशांनी हे पीठ आपल्या बाजारात विकायला मान्यता दिली. आता ते पुड्यांत भरून दूरदूर जाते. रानातला मेवा बाजाराचा माल झाला.

फळाशिवायही या झाडाचे पुष्कळ उपयोग आहेत. पश्चिम आफ्रिकेत याच्या पानांची भाजी करतात. पाने वाळवून, कुटून ठेवतात आणि वर्षभर कालवणात घालतात. सालीच्या आतल्या धाग्यांचे दोर वळतात, पिशव्या विणतात. साल काढली तर बहुतेक झाडे मरतात. या झाडाला मात्र नवी साल येते. त्या म्हाताऱ्या झाडावरही साल काढल्याचा जुना पट्टा होता. त्यावर नवी साल आली होती, भरलेल्या जखमेसारखी.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. रानातले कुठलेही अनोळखी फळ आपल्या मनाने खाऊ नये. आम्ही खाल्ले ते तिथल्या माणसाने ओळखून दिले म्हणून.

४. खोड म्हणजे पाण्याचा रांजण

आता खोड इतके जाड का, ते पाहू.

हे झाड कोरड्या मुलखात वाढते. तिथे पाऊस थोडेच महिने पडतो. तेवढ्यात झाड मुळांनी पाणी शोषते आणि खोडात साठवते. याचे लाकूड स्पंजासारखे असते. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असते. मोठ्या झाडात हजारो लिटर पाणी राहते.

मग पाने का गाळतात? कारण पानांतून पाणी उडून जाते. कोरड्या दिवसांत पाने ठेवली, तर साठा संपेल. म्हणून झाड पाने टाकते आणि गप्प उभे राहते. ते मेलेले नसते. काटकसरीने जगत असते. आपली बाई दुष्काळात कणगीतला दाणा जपून काढते, तसेच हे.

आमच्या शाळेतल्या झाडातून पाणी झिरपले, ते हेच पाणी. आम्ही उन्हाळ्यात झाड पाहिले आणि ‘यात जीव नाही’ म्हणालो. त्याच्या पोटात तर पावसाळा भरून ठेवलेला होता.

हत्तींना हे गुपित ठाऊक आहे. पाणी आटले की ते सुळ्यांनी साल सोलतात आणि ओले लाकूड चघळतात. टांझानियातल्या तारांगिरे अभयारण्यात अशी सोललेली, पोखरलेली झाडे पुष्कळ आहेत. काही त्यातून जगतात, काही कोसळतात.

माणसानेही या खोडाचा उपयोग केला आहे. सुदान देशात कोर्दोफान नावाचा कोरडा प्रदेश आहे. तिथे या झाडाला तेबल्दी म्हणतात. तिथले लोक पोकळ खोडांत पावसाचे पाणी भरून ठेवत. ते पाणी उन्हाळ्यात पुरवून पुरवून वापरत. आपण विहीर बांधतो, त्यांनी झाडाचीच विहीर केली!

५. पान, फूल आणि वटवाघूळ

याचे पान हाताच्या पंजासारखे असते. एका देठाला पाच ते सात पाती, बोटांसारख्या. म्हणून शास्त्रज्ञांनी याच्या नावात ‘बोटांसारखे’ या अर्थाचा शब्द घातला. नावाचा दुसरा भाग आदाँसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञावरून आला. त्याने १७४९ साली पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये हे झाड पाहिले आणि त्याचे वर्णन लिहिले. सेनेगलच्या राजचिन्हात आज हे झाड आहे.

लहान रोपाची पाने मात्र पंजासारखी नसतात. ती साधी, एकेरी असतात. त्यामुळे लहान रोप पाहून ‘हे त्या राक्षसाचे पोर’ असे कोणाला वाटत नाही.

फूल मोठे, पांढरे, खाली तोंड करून लोंबणारे. ते संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी कोमेजून गळते. त्याला उग्र वास येतो. रात्री उमलणाऱ्या फुलाकडे मधमाशी कशी येणार? तिथे येते वटवाघूळ. ते मध चाटायला येते. त्याच्या अंगाला परागकण चिकटतात. परागकण म्हणजे फुलातली पिवळी भुकटी. ती भुकटी वटवाघूळ दुसऱ्या फुलावर नेते. मग फळ धरते. काही भागांत मोठे पतंगही हे काम करतात.

आपण वटवाघळाला अशुभ म्हणतो. पण कितीतरी झाडांची सोयरीक तोच जमवतो.

६. वांझ कोण?

आता मुख्य गोष्ट.

आम्ही त्या आजीला मुलाकडून विचारले, “आमच्या गावी असे एक झाड होते. त्याला कधी फळ आले नाही. असे का?”

तिने उलट विचारले, “जवळ दुसरे झाड होते का?”

आम्ही म्हणालो, “नव्हते.”

तिने नदीपलीकडच्या उतारावर बोट दाखवले. तिथे झाडेच झाडे होती. ती एवढेच म्हणाली, “ही एकमेकांच्या जिवावर फळतात.”

आम्ही गप्प झालो. एकवीस वर्षांपूर्वी धनगर बाबा म्हणाला होता, “एकल्याला कसं फळ यील?” तो एका खंडातला, ही दुसऱ्या खंडातली. शब्द मात्र एकच.

घरी आल्यावर मुलाने संगणकावर शोधून दिले. दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी याच प्रश्नाचा अभ्यास केला आहे. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिथले लोक कमी फळणाऱ्या झाडाला ‘नर झाड’ म्हणत. शास्त्रज्ञांनी अशा झाडांच्या फुलांवर दुसऱ्या झाडाचे परागकण हाताने लावले. तेव्हा त्या ‘नर’ झाडांनाही फळे धरली! म्हणजे दोष झाडाच्या कुशीत नव्हता. या झाडाला स्वतःचे परागकण चालत नाहीत. आपल्याकडे भावकीत सोयरीक होत नाही, तसेच समजा. दुसऱ्या झाडाचे परागकण पोचले पाहिजेत.

आमचे झाड कदाचित शेदोनशे वर्षे त्या अंगणात एकटे उभे असेल. दर पावसाळ्यात त्याने फुले उघडली असतील. दुसऱ्या झाडाची भुकटी कधी आलीच नाही. आणि आम्ही त्याला वांझोटे म्हटले.

हा शब्द आपण झाडाला लावतो, तसाच बाईलाही लावतो. लावताना विचार करत नाही, चौकशी करत नाही. हे वाईट आहे. शाळेतल्या सभेत तो शब्द निघाला, तेव्हा पाणी द्यायला आलेली एक बाई मान खाली घालून बाहेर गेली होती. ते आम्हाला म्बुयुनीच्या झाडाखाली आठवले.

७. हे झाड आपल्याकडे कसे आले?

आफ्रिका आणि आपला पश्चिम किनारा यांच्यामध्ये एक समुद्र आहे. त्या समुद्रावरून शेकडो वर्षे गलबते ये-जा करत होती. व्यापारी येत, खलाशी येत. आफ्रिकेतली माणसे गुलाम म्हणून आणली जात, सैनिक म्हणूनही येत. त्यांतला एक मलिक अंबर. तो आफ्रिकेतल्या इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. तो १६२६ साली वारला. जंजिऱ्याचे सिद्दीही आफ्रिकेतूनच आलेल्या माणसांचे वंशज.

अशा माणसांबरोबर बियाही आल्या. २०१५ साली शास्त्रज्ञांनी भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या झाडांचा मेळ लावून पाहिला. त्यांना दिसले की भारतातली झाडे आफ्रिकेच्या एकाच भागातून आलेली नाहीत. काहींचा मेळ पूर्व किनाऱ्याशी आहे, काहींचा पश्चिम आफ्रिकेशी. म्हणजे बिया अनेकदा, अनेक वाटांनी आल्या.

मध्य प्रदेशातल्या मांडूच्या किल्ल्याभोवती ही झाडे पुष्कळ आहेत. तिथे फळाला ‘मांडूची इमली’ म्हणतात आणि रस्त्यावर विकतात. हैदराबादला गोवळकोंड्याच्या नव्या किल्ल्यात एक प्रचंड झाड आहे. मुंबईत, वसईच्या बाजूला आणि महाराष्ट्रात इतर ठिकाणीही तुरळक झाडे आहेत. गोरखनाथांनी या झाडाखाली बसून शिष्यांना उपदेश केला, अशी समजूत आहे. त्यावरून गोरखचिंच हे नाव पडले, असे सांगतात.

पाहा बरे! बी परदेशातून आली. आपण तिला आपल्या साधूचे नाव दिले आणि घरची करून घेतली.

८. म्हातारी झाडे मरत आहेत

हे झाड फार दीर्घायुषी आहे. झिम्बाब्वे देशातले पांके नावाचे झाड सुमारे २,४५० वर्षांचे होते. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळी ते दोन हजार वर्षांचे म्हातारे होते. ते २०११ साली मेले.

२०१८ साली शास्त्रज्ञांनी एक काळजीची बातमी दिली. त्यांनी पाहिलेल्या १३ सर्वांत जुन्या झाडांपैकी ९ झाडे २००५ नंतर मेली, किंवा त्यांचे सर्वांत जुने भाग कोसळले. रोग काही दिसला नाही. उष्मा आणि दुष्काळ वाढला, हे कारण असावे असा त्यांना संशय आहे. अजून ते सिद्ध झालेले नाही. पण दोन हजार वर्षे दुष्काळ सोसलेली झाडे थोड्या वर्षांत पडतात, ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

नवी झाडे उगवतात का? उगवतात. पण कोवळी रोपे शेळ्या-गुरे खातात. जे वाचते, त्याला फळ यायला पंधरा-वीस वर्षे किंवा त्याहूनही जास्त लागतात. म्हणून लावणाऱ्याजवळ धीर पाहिजे.

९. दोन रोपे

त्या आजीने आम्हाला मूठभर बिया देऊ केल्या. आम्ही हात पुढे केला आणि मागे घेतला. परदेशातले बियाणे परवान्याशिवाय देशात आणू नये, असा कायदा आहे. बियाण्याबरोबर कीड आणि रोग येतात. म्हणून आम्ही फक्त चव घेऊन आलो.

परत आल्यावर पहिले काम आम्ही ठरवले होते. धनगर बाबाला भेटायचे. वाड्या-वस्त्या विचारत गेलो. त्याच्या घरी कळले की तो सात वर्षांपूर्वी वारला. त्याच्या मुलाला आम्ही सगळे सांगितले. तो म्हणाला, “गुरुजी, त्याला झाडं कळायची. लिवता येत न्हवतं, एवढंच.”

मग आम्ही बिया जमवल्या. एक फळ मांडूहून आणले. दुसरे तालुक्याच्या गावातल्या जुन्या वाड्यामागच्या झाडाचे मिळाले. दोन वेगळ्या झाडांचे बी मुद्दाम घेतले. कारण आता तुम्हाला ठाऊक आहे!

या बीचे टरफल फार कठीण असते. रानात ते हत्तीच्या, माकडाच्या पोटातून जाऊन मऊ होते. आमच्याजवळ हत्ती कुठला? आम्ही कानशीने टरफल थोडे घासले आणि बी रात्रभर कढत पाण्यात भिजवले. पहिल्या वेळी एकही उगवले नाही. पाणी फार झाले आणि बी कुजले. दुसऱ्या वेळी पाच उगवले. तीन मेले. दोन राहिले, एक मांडूचे आणि एक वाड्यामागचे.

२०२१ च्या पावसाळ्यात दोन्ही रोपे लावली. एक शाळेच्या कुंपणाशी, एक पलीकडच्या ओढ्याकाठी. पहिल्याच महिन्यात एका पोराने कुंपणाजवळचे रोप तण समजून उपटायला घेतले होते. पाने एकेरी होती ना! वेळेवर पाहिले म्हणून वाचले.

शाळेच्या नव्या खोलीत आता रात्रीचा साक्षरता वर्ग भरतो. जिथे झाड होते, तिथेच. वर्गाला धनगर बाबाची नातसून येते. दोन वर्षांपूर्वी तिला नाव लिहिता येत नव्हते. गेल्या पावसाळ्यात तिला आम्ही एक पत्र्याचा तुकडा आणि रंग दिला. म्हटले, “ताई, रोपाजवळ पाटी लावायची आहे. काय लिहावे ते तुम्हीच ठरवा.”

तिने बराच वेळ विचार केला. मग लिहिले :

‘ही गोरखचिंच हाय. तोडू नगा.’

आम्ही शुद्धलेखन तपासायला पेन काढले होते. ते खिशात परत ठेवले. पाटी तशीच लावली आहे. रोपे आता आमच्या डोक्याच्या वर गेली आहेत. त्यांचे फळ आम्ही खाणार नाही, हे उघड आहे. तुमच्यापैकी कोणाची नातवंडे खातील.

अभ्यास

१. गोरखचिंच कोरड्या दिवसांत पाने का गाळते?

२. एकट्या झाडाला फळ का येत नाही? दोन वाक्यांत लिहा.

३. वटवाघूळ या झाडाचे कोणते काम करते?

४. तुमच्या गावातले सर्वांत जुने झाड कोणते? त्याची माहिती गावातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा. त्यांना लिहिता येत नसेल, तर त्यांनी सांगितलेले तुम्ही लिहून ठेवा.